पंधरा नंबरच्या मागे कोणी नसतं

१९७४ साली ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमधल्या निवडक रग्बी खेळाडूंचा, संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यांच्याकडे एकाच जागेसाठी दोन अव्वल फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभं राहून राखण करणारे पंधरा नंबरचे खेळाडू, होते. वेल्सचा जे. पी. आर. विल्यम्स आणि स्कॉटलंडचा अँडी अर्विन. विल्यम्सला ओलांडून कोणी जात नाही आणि अर्विनला कोणी हात लावू शकत नाही, अशी दोघांची ख्याती. तिसऱ्या आणि चौथ्या कसोटीत यावर जो तोडगा निघाला तो असा: पंधरा नंबरला विल्यम्स, आणि अर्विन विंगवर, म्हणजे कडेला. आपल्याकडच्या क्रिकेटवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. १९८६ साली हेडिंग्लेला किरण मोरे यष्टींमागे उभे होते आणि चंद्रकांत पंडित निव्वळ फलंदाज म्हणून पदार्पण करत होते. राखणीला कोण हे आधी ठरवायचं आणि दुसऱ्या हुन्नरी माणसाला घरात कुठेतरी जागा करून द्यायची.

पन्नास वर्षं उलटली तरी वाद तोच आहे. फुलबॅक निवडताना आधी काय बघायचं? तो काय वाचवतो ते, की काय मिळवून देतो ते? इंग्लंडमध्ये गेली दोन-तीन वर्षं या प्रश्नावर लोक एकमेकांच्या उरावर बसलेत. न्यूझीलंडमध्ये तर हा वाद कायमचाच. आणि दर वेळी एक बाजू ट्रायच्या (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवून गुण मिळवल्याच्या) चित्रफिती काढते, दुसरी बाजू सुटलेल्या बॉलच्या.

रग्बी फारसं न पाहणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: संघात पंधरा जण. आठ जण रेटारेटीचे, सात जण पळण्याचे, आणि या सातांतला पंधरा नंबरचा सगळ्यांच्या मागे, एकटा. हातातला बॉल पुढे टाकता येत नाही, पायाने पुढे मारता येतो. आणि मारणारा बहुतेक वेळा मारण्याआधी या एकट्या माणसाकडे बघतो.

मुंबईत कॉलेजात असताना दोन पावसाळे मी ही जागा सांभाळली आहे. सांभाळली म्हणणं जरा जास्तच. मुंबईत रग्बी पावसाळ्यातलं, कारण बाकीचं वर्ष मैदान क्रिकेटचं आणि जमीन फरशीसारखी. बॉल वर जातो. राखाडी आभाळात दिसेनासा होतो आणि मग एकाएकी मोठा होत खाली येतो. तोंडावर पाऊस, पण डोळे मिटायचे नाहीत. कानात एकच आवाज, चिखलातून आपल्या दिशेने येणाऱ्या बुटांचा. फचक, फचक, फचक. किती जण येतायत हे त्या आवाजावरून कळतं. आमचे कोच सांगायचे, झेलताना अंग आडवं ठेव, म्हणजे सुटला तरी बॉल मागे पडेल. पुढे पडला की नॉक-ऑन, समोरच्यांना स्क्रम, म्हणजे आठ-आठ जणांची रेटारेटी आणि बॉल त्यांचा. एकदा मी अंग आडवं केलं, उडी मारली, गुडघा वर घेतला, सगळं शास्त्रोक्त. बॉल खांद्यावर आपटून आमच्याच गोलपोस्टकडे उडाला. ती मॅच आम्ही जिंकलो की हरलो हे आज आठवत नाही. तो बॉल आठवतो.

या वादाची मेख नेमकी तिथेच आहे. फुलबॅकच्या मागे कोणी नसतं, त्यामुळे त्याची चूक झाकायला कोणी नसतं. रेटारेटीतल्या आठ जणांपैकी एकाने आळस केला तर तो शोधायला चित्रण चार वेळा मागेपुढे करावं लागतं. फुलबॅकचा सुटलेला बॉल शेवटच्या रांगेतल्या पोराला पण दिसतो. म्हणून हिशेब बिघडतो, आणि दोन्ही बाजूंनी बिघडतो. राखण करणाऱ्याची खरी कमाई दिसत नाही. आणि त्याचं खरं नुकसानही दिसत नाही. पहिलं बहुतेकांना मान्य असतं. दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझं भांडण आहे ते त्यासाठी.

आधी कमाईबद्दल.

एके काळी हे काम समजायला सोपं होतं. बॉल झेलायचा आणि टचबाहेर, म्हणजे बाजूच्या रेषेपलीकडे, मारायचा. मैदानात कुठूनही थेट बाहेर मारला तरी चालायचं. याचा कळस १९६३ मध्ये एडिनबरोच्या मरेफील्डला झाला. स्कॉटलंड-वेल्स सामन्यात १११ लाइनआउट! ऐंशी मिनिटांच्या खेळात १११ वेळा बॉल बाहेरून आत टाकला गेला. वेल्सचा कर्णधार क्लाइव्ह रोलंड्स बाहेर मारत राहिला आणि वेल्स ६-० ने जिंकलं. असा खेळ कोण पैसे देऊन बघणार? १९६८ मध्ये नियम बदलला, आधी प्रयोग म्हणून आणि नंतर कायमचा: आपल्या पंचवीस यार्डांच्या रेषेच्या पुढून थेट बाहेर मारलात, तर जिथून मारला तिथेच लाइनआउट. म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात बॉल हातात आला की फुलबॅकपुढे आता खरा प्रश्न उभा राहिला. पळू का? अटॅकिंग फुलबॅक नावाचा प्राणी या नियमाच्या पोटी जन्माला आला. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, विल्यम्सने वेल्सची जर्सी घातली.

विल्यम्सचे आकडे आजच्या पोरांना दाखवले तर ती हसतील. वेल्ससाठी ५५ सामने, ट्राय सहा. त्यातले पाच इंग्लंडविरुद्ध, हे वेल्सच्या माणसाला विचाराल तर पुरेसं आहे. पण तरी सहाच. शेजारी न्यूझीलंडचा ख्रिश्चन कलन ठेवा: ५८ कसोट्या, ४६ ट्राय. या आकड्यांवर निवड करायची झाली तर विल्यम्सला राखीव खेळाडूंतही जागा मिळणार नाही.

१९७६, कार्डिफ. ग्रँड स्लॅमसाठी, म्हणजे युरोपातल्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्यासाठी, वेल्सला फ्रान्सला हरवायचं होतं. शेवटच्या मिनिटांत फ्रान्सचा विंग गूर्दाँ कोपऱ्याकडे सुटला. समोर रेषा, मध्ये कोणी नाही. विल्यम्स आडवा धावत आला आणि खांदा असा घातला की गूर्दाँ बॉलसकट मैदानाबाहेर. वेल्स १९-१३ ने जिंकलं. आज तोच टॅकल केला तर पेनल्टी, कदाचित लाल कार्डसुद्धा, कारण त्यात हात नव्हतेच, नुसता खांदा होता. (हा माणूस पेशाने डॉक्टर, पुढे अस्थिरोगतज्ज्ञ झाला. मोडायचं आणि जोडायचं, दोन्ही खाती एकाकडेच.) पण मला त्या खांद्यात रस नाही. तो तिथे पोचला कसा, यात आहे. गूर्दाँच्या पायाला वेग होता. विल्यम्सला कोन कळला होता. कुठल्या रेषेवरून धावलं तर समोरच्याला आत वळता येणार नाही, फक्त बाहेरच जाता येईल, हे त्याने पळायला सुरुवात करण्याआधी ठरवलं होतं. टॅकल हा या कामाचा शेवटचा, दिसणारा तुकडा.

त्याहून पुढचं सांगतो. चांगल्या फुलबॅकचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे समोरच्याने न मारलेली किक. समोरचा फ्लाय-हाफ, म्हणजे खेळ चालवणारा दहा नंबरचा, बॉल हातात घेतो, मान वर करतो, मागे मोकळी जागा शोधतो. तिथे पंधरा नंबर आधीच येऊन उभा असतो. मग तो किक मारत नाही, पास देतो, आणि बॉल तीन धिप्पाड माणसांच्या ढिगात जातो. ही किक कुठल्या आकडेवारीत नोंदवणार? आयर्लंडचा रॉब कर्नी ९५ सामने खेळला, २००९ आणि २०१८ अशा दोन ग्रँड स्लॅममध्ये होता, आणि तरीही लोक विचारायचे की हा नेमका करतो काय. करत हेच होता. तो जिथे उभा असायचा तिथे बॉल येत नसे, आणि वर आभाळात आलाच तर तो त्याचाच असायचा.

२०२१ पासून तर हे काम दुप्पट अवघड झालं आहे. ‘फिफ्टी-ट्वेंटीटू’ हा नियम आला: आपल्या अर्ध्या भागातून मारलेला बॉल टप्पा घेऊन समोरच्यांच्या बावीस मीटरच्या आतून बाहेर गेला, तर लाइनआउटला बॉल टाकायचा हक्क मारणाऱ्यांचाच. तेव्हापासून दोन्ही कोपरे उघडे टाकता येत नाहीत. एकट्या फुलबॅकने ते भरून निघत नाही, म्हणून विंगवाले आणि तो मिळून लंबकासारखे सरकत राहतात. एका बाजूचा विंग पुढे गेला की दुसऱ्या बाजूचा मागे येतो. हा लंबक हलवणारा माणूस पंधरा नंबरचा. टीव्हीवर तो दिसतच नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे.

इथवर राखणदारांच्या बाजूने मी इतकं बोललो आहे की वाचणाऱ्याला वाटेल, हा लेख त्यांचाच. तर आता दुसरं खातं उघडतो.

बॉल झेलला. समोरून तीन जण येतायत, पण उजवीकडे त्यांची रांग तुटकी आहे, कारण किकच्या मागे धावताना सगळे एका वेगाने धावत नाहीत. एक विंग पुढे निघून गेलाय, शेजारचा फॉरवर्ड (रेटारेटीतल्या आठांतला) दमलाय. दोघांच्या मध्ये पाच-सात मीटरची फट आहे आणि ती दोन सेकंदांत बुजणार आहे. राखणदार फुलबॅक इथे काय करतो? उलट किक मारतो. चांगली, लांब, टाळ्या घेणारी. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी त्याला बोल लावत नाही. समालोचक ‘सेफ’ म्हणतो. पण ती फट होती. तिथून पळालेला माणूस चाळीस मीटर गेला असता. न पळालेल्या त्या चाळीस मीटरची नोंदही न मारलेल्या किकसारखीच कुठे होत नाही. राखणदाराच्या अदृश्य कमाईबद्दल आपण गहिवरून बोलतो, मग त्याच्या अदृश्य तोट्याबद्दल गप्प का?

ख्रिश्चन कलनचं सगळं वैभव त्या फटीत होतं. १९९६ मध्ये आला तेव्हा पहिल्याच कसोटीत सामोआविरुद्ध तीन ट्राय, पुढच्या कसोटीत स्कॉटलंडविरुद्ध चार. तो खूप वेगवान होता हे खरं, पण त्याच्याहून वेगवान विंगवाले होते. त्याचं वेगळेपण म्हणजे तो उशिरा यायचा. बचावाची रांग माणसं मोजून उभी असते, तुझा हा, माझा तो. फुलबॅक त्या मोजणीत नसतो. तो मागून, पूर्ण वेगात, शेवटच्या क्षणी रांगेत घुसतो, आणि त्याला पकडायचं कोणी हे ठरलेलंच नसतं. हे फुलबॅकलाच जमतं, कारण पळायला अंतर त्याच्याकडेच असतं. १९९९ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने कलनला सेंटरला, म्हणजे पळणाऱ्यांच्या रांगेच्या मध्यावर, खेळवलं आणि जेफ विल्सनला मागे ठेवलं. इतकी गुणी माणसं एकाच संघात बसवायची म्हणून. सेंटरला उभ्या असलेल्या माणसाला उशिरा येता येत नाही. तो आधीपासूनच समोरच्याच्या नाकासमोर असतो. उपांत्य फेरीत फ्रान्सने त्यांना ४३-३१ ने घरी पाठवलं. याला कारणं दहा होती, पण विहिरीतला मासा काढून परातीत ठेवल्यासारखं ते दिसत होतं.

आणि ब्लांको. कॅराकसमध्ये जन्मलेला, बियारित्झला वाढलेला, फ्रान्ससाठी ९३ सामने आणि ३८ ट्राय. १९८७ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, सिडनी, २४-२४ अशी बरोबरी, शेवटची मिनिटं. बॉल एका हातातून दुसऱ्या हातात, जमिनीवर, पुन्हा हातात, कोण कोणाकडे देतंय कळेना, आणि शेवटी डाव्या कोपऱ्याकडे धापा टाकत पळणारा ब्लांको. फ्रान्स ३०-२४. फ्रेंच रग्बीवर प्रेम करणारी माणसं हा ट्राय देवघरात ठेवतात. मला मात्र लंडनच्या ट्विकनमवरचा १९९१ चा इंग्लंड-फ्रान्स सामना जास्त शिकवतो. इंग्लंडची पेनल्टी हुकली, बॉल फ्रान्सच्या गोलरेषेच्या मागे पडला. जगातल्या कुठल्याही फुलबॅकने तिथे बॉल टेकवला असता आणि श्वास घेतला असता. ब्लांको आपल्या गोलरेषेच्या मागून पळत सुटला. लाफाँ, कामबेराबेरो, सेला, पुन्हा कामबेराबेरो, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सँतांद्रेने पोस्टच्या मध्ये बॉल टेकवला. शंभर मीटर. फ्रान्स तो सामना २१-१९ ने हरलं.

हरलं म्हणून राखणदारवाले हा सामना दाखवतात: बघा, सौंदर्याने ग्रँड स्लॅम येत नाही. मी उलटं वाचतो. ब्लांकोने तिथे बॉल टेकवला असता तरीही फ्रान्स हरलंच असतं, बहुधा जास्त फरकाने, आणि कोणी त्याच्यावर बोट ठेवलं नसतं. बोट ठेवलं जात नाही हा त्या ‘सेफ’ निर्णयाचा खरा मोबदला. तो मोबदला खेळाडूला आणि निवडणाऱ्याला मिळतो. संघाला त्यातून काय मिळतं, ते वेगळं मोजायला हवं.

खापर फोडण्याची ही सवय किती आंधळी असते त्याचं एकच उदाहरण पुरे. १८ जून १९९५, केपटाऊन, विश्वचषकाचा न्यूझीलंड-इंग्लंड उपांत्य सामना. जोनाह लोमू बॉल घेऊन सुटला. विंगवरचा टोनी अंडरवुड चुकला, मागून कार्लिंगचा हात पुरला नाही, आणि मग समोर उरला फुलबॅक माइक कॅट. लोमू अडखळला होता, तोल जात होता, तरीही तो कॅटच्या अंगावरून चालत गेला. शब्दशः. त्या दिवशी लोमूने चार ट्राय केले, न्यूझीलंड ४५-२९ ने जिंकलं. तीस वर्षं झाली, जगाला नाव आठवतं ते कॅटचं. आधी ज्यांच्या हातून तो निसटला ते विस्मरणात गेले, कारण ते शेवटचे नव्हते. त्या क्षणी तिथे विल्यम्स असता तर? काय सांगावं. विल्यम्सच्या काळात लोमू नव्हता.

आता इंग्लंडच्या ताज्या भांडणाकडे येतो, कारण तिथे हा सगळा गुंता एका टेबलावर मांडलेला सापडतो. फ्रेडी स्ट्युअर्ड, उंची १.९६ मीटर, आभाळातून काहीही पडलं तरी त्याच्या हातात. २०२३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत पॅरिसच्या पावसात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इंग्लंडने उंच किकांचा खेळ मांडला तो स्ट्युअर्डसारखा माणूस मागे होता म्हणून. शेवटच्या दोन-तीन मिनिटांपर्यंत इंग्लंड पुढे होतं. मग पोलार्डच्या एका पेनल्टीने दक्षिण आफ्रिका १६-१५ ने जिंकली. काही महिन्यांनी, २०२४ च्या सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे सहा युरोपीय देशांच्या वार्षिक स्पर्धेत, प्रशिक्षक बोर्थविकने स्ट्युअर्डला बाजूला ठेवून जॉर्ज फरबँकला आणलं. मरेफील्डला फरबँकने सुरुवातीलाच ट्राय केला, इंग्लंड १०-० ने पुढे. मग त्याच्या हातून एक पास सुटला आणि स्कॉटलंडचा फान डर मर्वे तो घेऊन अर्ध्याहून जास्त मैदान पळाला. इंग्लंड ३०-२१ ने हरलं. त्या रात्री फरबँकच्या नावाने किती शिव्या पडल्या असतील याची कल्पना करा. स्ट्युअर्ड असता तर!

बोर्थविकने पुढच्या सामन्यात फरबँकलाच ठेवलं. ट्विकनमला आयर्लंडविरुद्ध फरबँकने पुन्हा ट्राय केला, शेवटी मार्कस स्मिथचा ड्रॉप गोल, इंग्लंड २३-२२. मला त्या निवडीचं कौतुक आहे ते फरबँकसाठी नाही. एक सुटलेला पास आणि दोन ट्राय असा हिशेब शांतपणे एकाच वहीत मांडणारा प्रशिक्षक विरळा. दक्षिण आफ्रिकेच्या रासी एरास्मसनेही हेच केलं होतं. २०१९ च्या विश्वचषकात विली ल रूच्या हातून बॉल सुटत होते, मायदेशी लोक त्याला काढा म्हणत होते. एरास्मसने काढलं नाही. ल रू अंतिम सामना खेळला, दक्षिण आफ्रिका ३२-१२ ने जगज्जेती झाली, आणि पुढे ल रूने शंभर कसोट्याही पुऱ्या केल्या. दोन्ही विंगवाल्यांना जागेवर नेऊन उभं करणारा आणि बॉल नेमका कधी सोडायचा हे कळणारा माणूस प्रशिक्षकाला दिसत होता. प्रेक्षकाला सुटलेले बॉल दिसत होते.

यावर प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मी झटकून टाकत नाही. लायन्सचंच घ्या. १९७४ ला विल्यम्स मागे होता, संघ दौऱ्यात एकही सामना हरला नाही. १९७७ ला विल्यम्स न्यूझीलंडला गेला नाही, पंधरा नंबरची जागा पूर्णपणे अर्विनची झाली आणि लायन्स मालिका ३-१ ने हरले. मालिका अर्विनमुळे गेली असं म्हणणं अन्याय होईल. त्या दौऱ्यात फॉरवर्ड बॉल जिंकत होते आणि मागच्या फळीला त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. पण उंच बॉलखाली अर्विन डळमळायचा, हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. आणि याच अर्विनने १९८० मध्ये मरेफील्डला फ्रान्सविरुद्ध तासभर वाटेल तशा किका हुकवल्या, घरच्याच प्रेक्षकांची हुर्यो ऐकली, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन ट्राय करून ४-१४ चा सामना २२-१४ असा फिरवला. असा माणूस ज्याच्या संघात असतो त्याचं रक्तदाब तपासायचं यंत्र जवळच असावं. तरीही मला निवडायला सांगितलं तर मी अर्विनच निवडीन, आणि त्याला कारण हृदयाचं नाही, गणिताचं आहे. उभं राहण्याची जागा शिकवता येते. झेल शिकवता येतो. मला नाही आला, पण येतो. ती दोन सेकंदांची फट दिसणं शिकवता येत नाही.

मात्र ‘निवडीन’ या क्रियापदाला एक अट चिकटलेली आहे: त्या वर्षीचा नियम काय म्हणतो. २०२४ च्या अखेरीपासून पंचांनी एक गोष्ट कडक केली. पूर्वी किक झेलणाऱ्याच्या पुढे त्याचेच दोन-तीन साथीदार रेंगाळत चालायचे, म्हणजे धावत येणाऱ्यांना आपोआप आडोसा व्हायचा. तो बंद झाला. आता झेलणारा आणि त्याच्यावर झेपावणारा, दोघंच, हवेत. लगेच सगळ्या संघांनी उंच किका वाढवल्या, आणि लगेच १.९६ मीटरच्या माणसाचा भाव वधारला. मधल्या काळात मार्कस स्मिथलाही पंधरा नंबरवर खेळवून झालं होतं. २०२५ च्या शरद ऋतूत स्ट्युअर्ड परत आला आणि इंग्लंडने न्यूझीलंडला ३३-१९ ने हरवलं. यात बोर्थविकचा कोलांटउडी मारण्याचा दोष मला दिसत नाही. वारा फिरला, शीड फिरवलं. पण मग ‘जगातला सर्वोत्तम फुलबॅक कोण’ या प्रश्नाला ‘कुठल्या साली?’ हा प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देणारा माणूस गप्पा मारतोय एवढंच समजावं.

सध्या हा तराजू सगळ्यात सहज कोणाच्या हातात आहे म्हणाल, तर माझी दोन नावं आहेत. पहिलं इंग्लंडच्या महिला संघातली एली किल्डन. २०२४ ची जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू, आणि २०२५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ट्विकनमला ८१,८८५ लोकांसमोर कॅनडाचा बचाव एकटीने भेदून जो ट्राय तिने केला त्यात कलनचा उशीर आणि ब्लांकोची बेफिकिरी दोन्ही होती. तिला एवढं पळता येतं कारण तिच्या संघात मागची राखण वाटून घेतलेली आहे. पुरुषांच्या रग्बीत फुलबॅकचा वाद ‘कोण’ या शब्दापाशी अडकतो. इंग्लंडच्या बायकांनी तो ‘बाकीच्यांनी काय करायचं’ इथून सोडवला.

दुसरं नाव ह्युगो कीनन. आयर्लंडचा. सेव्हन्स खेळून पॅरिस ऑलिंपिकला जाऊन आलेला, म्हणजे सात जणांनी पूर्ण मैदान राखायची सवय असलेला. याच्या चित्रफिती फारशा बनत नाहीत. तो कर्नीसारखा जागेवर असतो आणि फट दिसली की त्याला तीही घेता येते. २६ जुलै २०२५ ला मेलबर्नला लायन्सच्या दुसऱ्या कसोटीत ऑस्ट्रेलिया एका टप्प्यावर २३-५ ने पुढे होती. त्यातला एक देखणा ट्राय त्यांचा फुलबॅक टॉम राइट याचा. शेवटच्या मिनिटाला लायन्स २६-२४ असे मागे. दौऱ्याच्या सुरुवातीला आजारी पडून वजन गमावलेला कीनन डावीकडे बॉल घेतो, बाहेर पास द्यायला माणूस असताना क्षणभर थांबतो, आत पाय टाकतो आणि रेषेपलीकडे पडतो. २९-२६. मालिका जिंकली. पंचांनी आधीच्या एका धडकेसाठी चित्रण तपासलं, नव्वद हजार लोक श्वास रोखून, आणि ट्राय कायम राहिला.

तो बघताना मला १ फेब्रुवारी २०२० चं डब्लिन आठवत होतं. स्कॉटलंडचा फुलबॅक स्टुअर्ट हॉग, सिक्स नेशन्समध्ये कर्णधार म्हणून पहिला सामना. तोही अगदी असाच योग्य वेळी योग्य जागी आला, रेषा ओलांडली, आसपास कोणी नाही, एका हाताने बॉल टेकवायला वाकला आणि बॉल हातातून निसटला. स्कॉटलंड १९-१२ ने हरलं आणि आठवडाभर हॉगची ती एकच सेकंद जगभर फिरत होती. रेषेपर्यंत पोचण्यात कीननने जे केलं त्यात आणि हॉगने जे केलं त्यात मला चार बोटांचाही फरक दिसत नाही. फळ्यावर एकाला पाच गुण, दुसऱ्याला शून्य. माझ्या वहीत मी हॉगला अडीच दिलेत.